बिल्ल्यांची वाटणी



भाताची झोडणी उरकली आणि दिवाळीचा फराळ संपला, की आमच्या गावात दोन प्रकारची बोलणी सुरू होतात. एक लग्नाची आणि दुसरी वाटणीची. यंदा खालच्या वाडीतल्या एका घरी दुसऱ्या प्रकारची बैठक बसली. तीन भाऊ. थोरला गावात शेती बघतो, मधला मुंबईची नोकरी संपवून निवृत्त झालेला, धाकटा पुण्याला. जमीन वाटून झाली, कलमे मोजून झाली, तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या चिठ्ठ्याही टाकून झाल्या. सगळे गोडीगुलाबीने पार पडले आणि गाडे अडले ते एका पत्र्याच्या पेटीपाशी. मी पडलो जुना मास्तर, आणि धाकटा तर माझ्याच वर्गात शिकलेला. तेव्हा "गुरुजी, जरा येऊन जा" असा निरोप आला आणि मी काठी घेऊन निघालो.

पेटी काळ्या रंगाची. झाकणावर पांढऱ्या रंगात एक क्रमांक, अर्धा पुसलेला. हे तिघांच्या वडिलांचे सामान. वडील 1942 साली, मिसरूड फुटण्याच्या वयात, नौदलात भरती झाले. 1946 साली घरी आले आणि नांगर धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. त्यांना जाऊन वीस वर्षे झाली. पेटी माळ्यावर होती. आता घर उतरवायचे म्हणून ती खाली आली.

आत काय निघाले ते सांगतो. एक गोल टोपी, तिच्यावरची काळी फीत, फितीवर सोनेरी धाग्याने 'एच. एम. आय. एस.' एवढीच अक्षरे. एक पितळी शिटी. दोरीला बांधलेला खिशातला चाकू. स्टुडिओत काढलेला चार नाविकांचा फोटो. घडीवर झिजून चार तुकडे व्हायला आलेला एक इंग्रजी कागद. आणि कापडाच्या पुरचुंडीत तीन बिल्ले: दोन चांदणीच्या आकाराचे, एक गोल.

थोरला म्हणाला, "गुरुजी, तीन भाऊ, तीन बिल्ले. हिशेब सरळ आहे. फक्त कोणाला कुठला ते तुम्ही सांगा." धाकट्याचा मुलगा मोबाइल पुढे करून म्हणाला, "आजोबा, हा मधला चांदणीवाला आहे ना, याला गिऱ्हाईक आहे. एका माणसाने किंमतही विचारली आहे."

तेवढ्यात आतून, माजघरातून, आवाज आला. आजींचा. नव्वदी ओलांडली आहे त्यांनी, डोळ्यांना कमी दिसते, पण कान शाबूत आहेत. त्या म्हणाल्या, "त्यांची बोट पण वाटणीतच गेली. आता बिल्ले पण वाटून घ्या, म्हणजे झालं!"

बोट वाटणीत गेली म्हणजे काय, हे तिन्ही मुलांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. मी तो झिजलेला कागद चष्म्याजवळ धरला आणि मग उलगडा होऊ लागला.

तो कागद म्हणजे नाविकाचे सेवा-प्रमाणपत्र. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत माणूस कुठल्या जहाजावर होता, त्याची हुशारी कशी, वर्तणूक कशी, हे सारे त्यात ओळीने लिहिलेले असते. शेवटचे मोठे नाव होते 'नर्बदा'. म्हणजे आपली नर्मदाच. त्या काळी हिंदुस्थानच्या नौदलातील अनेक लढाऊ जहाजांना नद्यांची नावे होती: सतलज, जमुना, गोदावरी, कावेरी, कृष्णा, नर्बदा. टोपीच्या फितीवर मात्र जहाजाचे नाव नव्हते. त्याचेही कारण आहे. युद्धकाळात कुठले जहाज कुठल्या बंदरात आले आहे ते शत्रूच्या हेराला टोपीवरून कळू नये म्हणून ब्रिटिशांनी आपल्या नाविकांच्या फितीवरून जहाजांची नावे काढून टाकली होती. आपल्या नाविकांच्या टोपीवरही मग अशी नुसती अक्षरे राहिली. म्हणजे बघा, टोपी बोलत नाही, कागद बोलतो. कागद नसता तर ही टोपी कुणाची, कुठल्या बोटीवरची, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

दुसरे महायुद्ध 1939 साली सुरू झाले तेव्हा हिंदुस्थानचे नौदल अगदी लहान होते. नाविक दोन हजारांच्या आतबाहेर. युद्ध संपता संपता ही संख्या वीस हजारांच्या पुढे गेली. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातून नाविक घेण्याची प्रथा त्याच्याही आधीची. खारवी, भंडारी, मराठे, कोकणी मुसलमान, अशी कितीतरी घरची पोरे आधी गलबतावर आणि मग सरकारी जहाजावर गेली. नर्बदा 1943 साली सेवेत आले. 1945 च्या जानेवारीत ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर फौजा उतरल्या, तेव्हा त्यांना आधार द्यायला नर्बदा आणि जमुना यांच्या तोफा चालू होत्या. आपल्या खालच्या वाडीतला एक विशीतला पोरगा तिथे होता, हे आम्हाला त्या दिवशी कळले. आणि आम्ही त्याच माणसाबरोबर चाळीस वर्षे पारावर बसून पावसाच्या गप्पा मारल्या होत्या!

मग 1947 साल आले. देशाची फाळणी झाली तशी नौदलाचीही झाली. सतलज, जमुना, कृष्णा, कावेरी ही जहाजे भारताकडे राहिली. गोदावरी आणि नर्बदा पाकिस्तानकडे गेली. नर्बदेचे नाव बदलून 'झेलम' ठेवण्यात आले. आजींचे म्हणणे खरे होते. यजमानांची बोट वाटणीत गेली होती.

आता बिल्ल्यांकडे वळू. वाचकहो, असे बिल्ले तुमच्याही घरात किंवा नात्यागोत्यात असण्याचा संभव आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सहा टोकांची चांदणी, मध्ये मुकुट आणि इंग्रज राजाच्या नावाची अक्षरे, अशी पदके दुसऱ्या महायुद्धातली. फितीत गडद निळा, तांबडा आणि फिकट निळा असे तीन सारखे पट्टे असतील तर ती '1939-45 ची चांदणी'. गडद निळा म्हणजे आरमार, तांबडा म्हणजे पायदळ, फिकट निळा म्हणजे विमानदळ. नाविकाला ती मिळायची तर युद्धाच्या टापूत सहा महिने पाण्यावर काढावे लागत. मध्ये तांबडा पट्टा, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ, अशी फीत असेल तर ती 'बर्मा स्टार', म्हणजे ब्रह्मदेशाच्या मोहिमेची. नारिंगी रंग सूर्याचा. गोल पदकावर एका बाजूला राजाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला पडलेल्या दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा राहिलेला सिंह, असे असेल तर ते 'वॉर मेडल'. ते अठ्ठावीस दिवसांच्या सेवेलाही मिळे. चौथे एक पदक कोकणात आणि देशावरही पुष्कळ घरांत सापडते. त्याच्या मागे हिंदुस्थानचा नकाशा असतो. ते 'इंडिया सर्व्हिस मेडल', देशातच राहून केलेल्या तीन वर्षांच्या नोकरीचे.

ही पदके सोन्याचांदीची नव्हेत. चांदण्या तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाच्या, गोल पदके तांबे आणि निकेल यांची. सोनाराकडे नेलीत तर तो मोड म्हणूनही घेणार नाही. मग त्यांत आहे काय? त्यांत आहे ते नाव. हिंदी फौजांना दिलेल्या पदकांवर त्या माणसाचा क्रमांक आणि नाव उमटवलेले असे. चांदणीच्या पाठीवर आणि गोल पदकाच्या कडेवर, जिथे आपण नाण्याची दातेरी कड बघतो तिथे. मी भिंग मागवले. तिघांना तिघांच्या बिल्ल्यांवर वडिलांचे नाव वाचून दाखवले. थोरल्याने भिंग घेतले ते बराच वेळ डोळ्यापासून काढलेच नाही.

मी म्हटले, "बाबांनो, जमीन वाटता येते. अर्धा एकर तोडली तरी ती जमीनच राहते, तिच्यात भात पिकतो. पण हे तीन बिल्ले म्हणजे तीन वस्तू नव्हेत, एका वाक्यातले तीन शब्द आहेत. पहिला सांगतो, हा माणूस युद्धात पाण्यावर होता. दुसरा सांगतो, कुठे होता. तिसरा सांगतो, त्या युद्धात त्याने नोकरी बजावली. एक शब्द मुंबईला, एक पुण्याला आणि एक गावात ठेवलात, तर वाक्य कोण वाचणार?"

पुण्याच्या पोराला मी रागावलो नाही. त्याचा दोष नाही, त्याला कुणी काही सांगितलेच नव्हते. आणि गरज पडली तर विकावे की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पोटापुढे कुणाला उपदेश करू नये. पण एवढे जाणून असावे की, पदकांचे जाणते संग्राहकसुद्धा सुटा बिल्ला शोधत नाहीत. एका माणसाचे सगळे बिल्ले, त्यांवरचे नाव, सोबतचा कागद आणि फोटो असा पुरा संच असेल तर त्याला मान आणि मोलही. संच फोडला की दोन्ही गेले. शिवाय बाजारात या चांदण्यांच्या नकला पुष्कळ आहेत. तेव्हा हौसेने विकत घेणाऱ्यानेही नाव, क्रमांक आणि कागद जुळतो का ते पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. मला विचाराल तर संग्रह करायचा असेल त्याने बाजारात जाऊच नये. आपल्या घरापासून सुरुवात करावी, मग भावकी, मग वाडी. वस्तू ज्याच्या घरात आहे तिथेच राहू द्यावी आणि आपण वहीत नोंद करावी. असा संग्रह करायला रुपया लागत नाही आणि चोर तो नेत नाही.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगायलाच हवी. माझे मामा नौदलात बोटीच्या बॉयलरवर कोळसा टाकायचे काम करीत. त्यांचे एक गोल पदक आमच्याकडे होते. खंडेनवमीला विळे, कोयते, कुऱ्हाडी घासायचे काम माझ्याकडे, आणि त्याबरोबर ते पदकही. चिंच आणि राख लावून मी ते असे घाशी, की आरशासारखे लखलखावे. आई कौतुक करी. दहाबारा वर्षे हा उद्योग चालला. पुढे मोठेपणी कडेवरचे नाव वाचायला गेलो, तर कड गुळगुळीत! मामा गेले, मामी गेल्या, मामांचा क्रमांक कुणाला ठाऊक नाही, आणि ज्या एका ठिकाणी तो लिहिला होता तो मीच माझ्या हाताने पुसून टाकला. आज ते पदक माझ्या कपाटात आहे. चकचकीत आहे आणि मुके आहे.

तेव्हा माय-भगिनींनो, सणासुदीला भांडी जरूर घासा, पण पदकाला चिंच, राख, लिंबू, पितांबरी काही लावू नका. त्यावर आलेला काळसरपणा म्हणजे मळ नव्हे, वय आहे. कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपली की पुरे. फीत धुऊ नका, रंग उतरतो. आणखी चार गोष्टी सांभाळा.

कागद आणि फोटो वर्तमानपत्रात गुंडाळू नका. वर्तमानपत्राचा कागद आंबट जातीचा असतो, तो स्वतः पिवळा पडतो आणि शेजाऱ्यालाही पाडतो. कोरा पांढरा कागद किंवा खळ न लावलेले, धुतलेले सुती कापड वापरा. खळीला कसर लागते.

फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका आणि प्लॅस्टिकमध्ये गरम करून बंद करण्याच्या फंदात पडू नका. एकदा केले की ते पुन्हा सोडवता येत नाही. कागद सपाट ठेवा आणि उजेडात, सावलीत धरून मोबाइलवर त्याचे फोटो काढून घ्या. ते दोनतीन जणांकडे ठेवा.

पेटी भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका. खाली लाकडी फळी किंवा विटा द्या, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही दूर राहतात. चुलीवरच्या माळ्यावर धूर बसतो, तिथेही नको. पावसाळा सरल्यावर कोरड्या हवेच्या दिवशी पेटी उघडून सावलीत वारा लागू द्या. डांबराच्या गोळ्या टाकायच्या तर कापडात बांधून कोपऱ्यात, वस्तूला लागून नकोत.

आणि एक सावधगिरीची गोष्ट. जुन्या पेटीत पितळी काडतूस, गोळी किंवा तोफेच्या गोळ्यासारखे काही निघाले तर ते फुलदाणीसाठी घासत बसू नका, पोरांच्या हाती देऊ नका, हलवू नका. गावच्या पोलीस पाटलाला कळवा. ऐंशी वर्षांनीही दारू दारूच असते.

कागदाचे महत्त्व काय ते आणखी एका उदाहरणाने सांगतो. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावरच्या नाविकांनी जेवण नाकारले आणि बघता बघता मुंबई, कराची आणि इतर बंदरांतले हजारो नाविक इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. शेकडो जणांना पुढे काढून टाकले. ते हात हलवत गावी परतले. काहींनी भीतीपोटी, काहींनी रागापोटी आपले कागद ठेवले नाहीत. पुढे केंद्र सरकारच्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजनेत या उठावाचा समावेश झाला. अशा वेळी कचेरीत पहिला प्रश्न येतो तो कागदाचा. ज्याने तो पेटीच्या तळाशी जपला त्याला उत्तर देता आले. ज्याचा रद्दीत गेला त्याने काय सांगावे?

ज्यांच्या घरचा माणूस परतलाच नाही त्यांच्यासाठीही एक ठिकाण आहे. मुंबईला मशीद स्टेशनजवळ इंडियन सेलर्स होममध्ये युद्धात समुद्रावर मेलेल्यांचे स्मारक आहे. तिथल्या 1939-45 च्या नोंदीत नौदलाचे चारशेहून अधिक आणि व्यापारी जहाजांवरचे सुमारे सहा हजार खलाशी आहेत. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी समाधी नाही असे हे लोक. सरकारी चौकशीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. आणि व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी 1978 साली मुंबईत सुरू केलेली मेरिटाइम हिस्टरी सोसायटी आरमाराच्या इतिहासाचेच काम करते. निवृत्तीनंतर हे आवटीसाहेब फलटणजवळच्या विंचुर्णी गावी येऊन राहिले होते. समुद्राचा माणूस शेवटी मातीकडे आला, जसे आमच्या खालच्या वाडीतले वडील आले.

आता त्या घरचे काय झाले ते सांगतो. तिन्ही बिल्ले, टोपी, शिटी, चाकू आणि कागद एकत्र राहायचे ठरले, थोरल्याच्या घरी, कारण तिथे आजी आहेत. तिघांच्या सह्यांचा एक कागद झाला: संच फोडायचा नाही, एकट्याने विकायचा नाही, पुढे थोरल्याच्या मुलांना नको असेल तर दुसऱ्या भावाच्या घरी जायचा. जमिनीच्या कागदापेक्षा या कागदावर सह्या लवकर झाल्या. फोटोच्या आणि प्रमाणपत्राच्या प्रती मुंबईला आणि पुण्याला गेल्या.

मग मी थोरल्याच्या नातीला वही आणि पेन घेऊन आजींच्या पायाशी बसवले. आजींना फोटो दिसत नव्हता. नात सांगत गेली, "डावीकडे उंच माणूस, त्याच्या हाताला घड्याळ आहे." आजी म्हणाल्या, "तो दाभोळकडचा. लढाईनंतर दोनदा घरी आला होता. येताना खजूर आणायचा." दुसरे होते ते स्वतः यजमान. तिसऱ्याला मिशा. आजींनी डोळे मिटले, पुन्हा पुन्हा आठवून पाहिले. शेवटी म्हणाल्या, "यांनी सांगितलं होतं गं. कितीदा सांगितलं होतं. मीच विसरले." चौथ्याचेही तेच.

नातीने वहीत लिहिले: 'उजवीकडचे दोघे, नावे माहीत नाहीत.' ते वाचताना माझ्या घशाशी काहीतरी अडकले. वीस वर्षांपूर्वी, म्हातारा ओसरीवर बसून विडा कुटत होता तेव्हा, कुणी फोटो पुढे करून विचारले असते तर पाच मिनिटांचे काम होते. आपण कुणी विचारले नाही. मीही नाही.

म्हणून मंडळी, या आठवड्यात एक काम करा. घरात जो सर्वांत म्हातारा माणूस असेल, त्याच्यापुढे जुन्या पेटीतली एक वस्तू ठेवा. बिल्ला असो, टोपी असो, फोटो असो. विचारा, "हे कुणाचं? कुठून आलं? शेजारी उभा आहे तो कोण?" जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. खाली तारीख घाला, सांगणाऱ्याचे नाव घाला. फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, कडेला नाव लिहा. शाई नको.

गहू-तांदूळ कणगीत ठेवताना आपण बी वेगळे काढून ठेवतो. सगळे खाऊन टाकले तर पुढच्या साली पेरणार काय? घरातल्या आठवणींचेही तसेच आहे. थोडे बी वेगळे काढून ठेवा.

आणि हो, तुमच्या पेटीत काय निघाले ते मला पत्राने जरूर कळवा. वस्तू पाठवू नका, ती घरीच राहू द्या. फक्त हकीगत पाठवा.

येतो मंडळी. राम राम!